नेरूळहून आजऱ्याला, पंधरा वर्षांच्या अमेरिकन गाडीतून

निघण्याआधी

आमच्या घरात एकाच वस्तूला दोन नावं आहेत. मी तिला गाडी म्हणते, बाकीचे भंगार म्हणतात. वांगी रंगाची, छोटी, चार दारांची अमेरिकन गाडी. म्हणजे कंपनी अमेरिकन, गाडी बनली इथेच, आणि चालवणारी मी आजऱ्याची. काही वर्षांपूर्वी कंपनीने इथला गाशा गुंडाळला. तेव्हापासून सोसायटीतला प्रत्येक माणूस मला लिफ्टमध्ये गाठून विचारतो, अजून आहे का ती, पार्ट मिळतात का. मिळतात. नाही मिळाले तर मी मिळवते. तुमचा फ्रिज बनवणारी कंपनी सध्या कुठे असते, हे मी कधी विचारलंय का तुम्हाला?

मी नर्स होते. तीस-बत्तीस वर्षं ड्यूट्या केल्या, शेवटी वॉर्डची इन्चार्ज होऊन रिटायर झाले. सेहेचाळिसाव्या वर्षी माझ्या फंडातून पैसे काढून ही गाडी घेतली आणि माझ्या नावावर केली. फ्लॅट यशवंतरावांच्या नावावर, गावची जमीन भावाच्या, गॅसचं कनेक्शनसुद्धा यशवंतरावांच्याच नावावर. आरसी बुक हा एकच कागद असा, ज्यावर फक्त माझं नाव आहे. यशवंतराव म्हणजे आमचे हे. त्यांना गाडी येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. पंधरा वर्षं ते शेजारच्या सीटवर बसून वरचं हँडल धरून प्रवास करतात, आणि मी पन्नासच्या वर गेले की खोकतात.

या गाडीत इंडिकेटरची दांडी डावीकडे आहे आणि वायपरची उजवीकडे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत नेमकं उलट. त्यामुळे दुसरं कोणीही चालवायला बसलं की पहिल्याच वळणावर भर उन्हात वायपर फिरायला लागतात. आमचा मुलगा मंदार आजही हे करतो आणि मग चिडून म्हणतो, "आई, ही गाडी कोणाचं ऐकत नाही." माझं ऐकते.

तर या फेब्रुवारीत गाडीची पंधरा वर्षं भरत आली. पुढची पाच वर्षं चालवायची तर आरटीओत नेऊन पुन्हा पास करून घ्यायची. मी मंगळवारची तारीख घेतली. मंदार कामोठ्याला राहतो. तारखेच्या नऊ दिवस आधी, रविवारी, तो आला तो भंगारात देण्याचा फॉर्म भरूनच घेऊन आला. फक्त माझी सही बाकी. त्याची नवी मोठी गाडी येणार होती, तीत आम्हाला कुठे जायचं तिथे तो नेणार होता, एरवी कॅब. "आणि खरं सांगू का," तो म्हणाला, "आता तू चालवणं बंदच कर. एकसष्ट झालीस. आम्हाला टेन्शन येतं."

हे ऐकल्यावर माझं डोकं फिरलं. गाडी गेली की माझं चालवणं गेलं, हे मला स्वच्छ दिसत होतं. त्याच्या नव्या गाडीची किल्ली मला कोण देणार? मग मला कुठे जायचं असेल तर आधी फोन करायचा, तुला वेळ आहे का विचारायचं, आणि नसला तर घरी बसायचं.

त्याच आठवड्यात आजऱ्याला माझ्या अक्काच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या, नव्या घराची वास्तुशांत होती. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं की मी याच गाडीने आजऱ्याला जाणार आणि सोमवारी संध्याकाळी परत येणार. जाऊन-येऊन नऊशे किलोमीटर. गाडी स्वतःच्या चाकांवर परत आली तर मंगळवारी पासिंग आणि पुन्हा हा विषय घरात निघायचा नाही. वाटेत बंद पडून कोणाला ओढून आणावी लागली तर फॉर्मवर मी मुकाट सही करीन. मंदार म्हणाला, "डन." यशवंतराव म्हणाले, "मला विचारलंत का?" कोणी विचारलं नव्हतं.

गुरुवार, घाट आणि ऊस

नेरूळ गावातला काशिनाथ आमचा मेकॅनिक. त्याच्या वडिलांची शेती जिथे होती तिथे आता टॉवर उभे आहेत आणि त्याचं गॅरेज त्यांच्या मागच्या गल्लीत आहे. त्याने निघण्याआधी तेल बदललं, पट्टा बघितला, टायर ठोकले. म्हणाला, "वहिनी, इंजिन कडक हाय. फक्त खालून जपा, पोट लय खाली हाय हिचं." मी मान डोलावली. पेशंट डॉक्टरांसमोर डोलावतात तशी.

एक्स्प्रेसवेने गेले नाही. पनवेलवरून खोपोली आणि जुना घाट. मला जुना घाट आवडतो, कारण तिथे गिअर टाकावे लागतात आणि टाकता येतात की नाही ते समजतं. दुसऱ्या गिअरवर गाडी गुरगुरत वर चढली. एकदाही गरम झाली नाही. खंडाळ्याला आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो, तेव्हा यशवंतरावांनी पहिल्यांदा हँडल सोडलं.

शिरवळच्या पुढे एका टपरीवर चार मुलं उभी होती, मोठ्या पांढऱ्या गाडीतून गोव्याला निघालेली. त्यातला एक गाडीभोवती फिरून आला आणि विचारतो कसा, "काकी, व्हिंटेज आहे का?" मी म्हटलं, "गाडी की मी?" बिचारा लाजला. पण पुढे खंबाटकीच्या चढाला त्यांच्यातला चालवणारा चुकीच्या गिअरवर अडकला आणि मी उजवीकडून निघून गेले. यशवंतराव खोकले. मी हॉर्नही वाजवला, कारण नसताना.

कराडच्या अलीकडे पहिला दगा. मागच्या डाव्या दाराची काच खाडकन दाराच्या पोटात पडली. हंगाम उसाचा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून चाललेले, आणि त्यांची धूळ, पाचटाचे तुकडे, सगळं आत. बाजूला घेऊन आतलं पॅनल काढलं, काच वर ओढली आणि पाचर मारायला काहीतरी जाड हवं म्हणून अक्काची वास्तुशांतीची पत्रिका चार घड्या करून आत ठोकली. पत्रिका चांगल्या कागदाची होती. काच नेरूळपर्यंत हलली नाही.

रात्री कोल्हापुरात मुक्काम केला. लॉजच्या मॅनेजरने रजिस्टरमध्ये 'ड्रायव्हर' या रकान्यापुढे यशवंतरावांचं नाव लिहिलं. मी ते खोडायला लावलं.

शुक्रवार आणि शनिवार, आजरा

संकेश्वरवरून गडहिंग्लज आणि मग आजरा. गडहिंग्लज सुटलं की हवा बदलते. रान दाट होत जातं, काजूची झाडं सुरू होतात. फेब्रुवारीत ओले काजू निघतात, आणि अक्काकडे पहिल्या जेवणाला ओल्या काजूची उसळ आणि घनसाळचा भात होता. हा तांदूळ बारीक, बुटका, आणि शिजताना वास असा सुटतो की शेजारच्या घरी आपण जेवायला बसलोय हे कळतं. नेरूळला आम्ही जो तांदूळ खातो तो लांब असतो, पांढरा असतो आणि त्याला कशाचाही वास नसतो. यशवंतराव संगमेश्वरचे, भाताच्या बाबतीत नाक मुरडणारे, त्यांनीही तिसऱ्यांदा भात मागून घेतला.

वास्तुशांत झकास झाली. गाडीची चर्चा अर्थात झालीच. अक्काच्या दिरांनी बोनेटवर टकटक करून पत्रा जाड आहे म्हणून शेरा दिला. तिथे कोणीही मला पार्ट मिळतात का असं विचारलं नाही. आजऱ्यात वीस-वीस वर्षांचे ट्रॅक्टर आहेत, त्यांच्या कंपन्या कुठे गेल्या कोणाला ठाऊक. लोक विचारतात एकच, चालते ना? चालते. मग झालं.

रविवार, जिथे माझं चुकलं

माहेराहून रिकाम्या हाताने निघायचं नसतं आणि देणाऱ्याला नको म्हणायचं नसतं. हा आमच्याकडचा कायदा. अक्काने तांदळाचं पोतं काढलं, अख्खं. मग गुळाची ढेप. मग काजू, पंधरा-वीस नारळ, दोन लाल भोपळे आणि कढीपत्त्याचं कुंडीसकट रोप. डिकी भरली, मागची सीट भरली. मी पुरे म्हणणार तेवढ्यात तिचा मुलगा आणि सून मागच्या पडवीतून काहीतरी उचलून घेऊन आले. आमच्या आईचा पाटा आणि वरवंटा.

"तुझ्या त्या फ्लॅटात दिवसभर मिक्सर कोकलतोय न्हवं?" अक्का म्हणाली. "नव्या घरात आमच्याकडंबी मिक्सरच हाय. आईचा पाटा अंगणात पडून ऱ्हायचा. तू ने."

यशवंतरावांनी मला बाजूला घेऊन मागची चाकं दाखवली. गाडी मागून बसली होती, टायर आणि पत्रा यांच्यात दोन बोटं जात नव्हती. काशिनाथ काय म्हणाला होता त्याची त्यांनी आठवण करून दिली. मी म्हटलं, अमेरिकन गाडी आहे, ओढेल. आता लिहिताना लाज वाटते, पण म्हटलं. त्या अंगणात अक्का उभी, तिचे दीर उभे, आणि माझ्या गाडीला आईचा पाटा पेलत नाही असं त्यांच्यासमोर म्हणायला माझी जीभ वळेना.

गावाबाहेर चार किलोमीटरवर एक स्पीडब्रेकर होता. गावकऱ्यांनी स्वतःच घातलेला, पट्टे नाहीत, पाटी नाही, बांधासारखा उंच. मी हळूच घेतला. पुढची चाकं उतरली आणि मग खालून दगडावर पत्रा घासल्याचा आवाज आला. उतरून वाकून बघितलं. इंजिनाखाली तेलाची परात असते, तिला केसासारखी चीर गेली होती आणि काळे थेंब टपटपत होते.

रस्त्याकडेच्या घरातून एक बाई बाहेर आली. बहुतेक त्या ब्रेकरवर रोज कोणी ना कोणी आपटत असावं, कारण तिने काय झालं असं विचारलंच नाही. आत गेली आणि कपडे धुवायच्या साबणाची वडी घेऊन आली. ती थोडी भिजवून, मळून, चिरेत अंगठ्याने दाबून भरायची. मी पाठीवर झोपून ते केलं. एकसष्टाव्या वर्षी. यशवंतराव शेजारी उकिडवे बसून मला साबण देत होते, आणि 'मी सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाले नाहीत. त्याचाच मला जास्त राग आला. थेंब थांबले. पाटा परत नेऊन देऊ का, असं ते विचारत होते. नाही म्हटलं.

कोल्हापुरात पोचलो तर रविवारची संध्याकाळ. उद्यमनगरात ओळीने लेथची दुकानं आहेत, तिथे आगगाडीचं चाकही बनवून देतील, पण काम सुटून सगळी शटर खाली. एका दुकानाच्या वरच घर होतं. तिथले वयस्कर मिस्त्री लुंगीवर खाली आले, टॉर्च घेऊन गाडीखाली गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले. बाहेर येऊन म्हणाले, परात उतरवून वेल्डिंग करायला हवं, पण सोमवार आमच्याकडे सुट्टीचा, सगळं बंद, मंगळवारी या. मंगळवारी सकाळी माझं पासिंग होतं. मी पैजेची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. जुना साबण खरवडून त्यांनी नवा भरला, वरून पत्र्याची पट्टी आवळली, तेल भरलं आणि तेलाचा एक डबा सोबत दिला.

"मावशी, दर पन्नास किलोमीटरला थांबून तेल बघायचं," ते म्हणाले. "आणि लाल दिवा लागला की तिथंच बंद करायची. सावलीपर्यंत न्यायची न्हाई. सावलीपर्यंत नेलीसा की इंजिन गेलं म्हणून समजा."

सोमवार, खोपोली

उजाडताच निघालो. पन्नास किलोमीटर झाले की थांबायचं, पाच मिनिटं इंजिन निवू द्यायचं, तेलाची काडी काढायची, पुसायची, पुन्हा घालून बघायची. कराड, सातारा, शिरवळ, कात्रज. आयुष्यभर मी दर चार तासांनी पेशंटचं बीपी लिहिलं, तसं यशवंतराव काडीचं माप वहीच्या पानावर लिहीत होते. कुठे केसभर कमी, कुठे आहे तेवढं. लोणावळ्याला काडी जवळजवळ भरलेली होती. मी मनात म्हटलं, जिंकलो. आता फक्त उतार.

उतारावरच गेलं. घाटात पुढे कंटेनर अडकलेला, तासभर गाडी मुंगीच्या पावलांनी चालली, भर दुपारी, इंजिन तापलेलं. साबण तो किती सोसणार? घाट संपून खोपोली दिसायला लागली आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. पन्नास पावलांवर वडाचं झाड होतं. मी होते तिथेच चावी फिरवली आणि गाडी कडेला थांबली.

खाली बघायची गरजच नव्हती. मागे रस्त्यावर काळी रेघ आली होती.

खरं सांगते, तेव्हा मी रडले. मागे आईचा पाटा, बाजूला यशवंतराव, आणि नेरूळ पन्नास किलोमीटरवर. चुकले मी, शिक्षा गाडीला, आणि सही माझी. यशवंतरावांनी पाण्याची बाटली पुढे केली. मी घेतली नाही. त्यांनी ती उघडून पुन्हा पुढे केली, तेव्हा घेतली.

थोड्या वेळाने एक टेम्पो थांबला. आधी मासळीचा वास पोचला, मग माणूस उतरला. हिराजी, उरणच्या मोरा बंदरावरचा कोळी. पुण्याला मासळी टाकून रिकामा टेम्पो घेऊन उरणला परत चालला होता. त्याने खाली वाकून बघितलं आणि सांगितलं की खोपोलीत दोन किलोमीटरवर त्याच्या ओळखीचं गॅरेज आहे, तिथवर ओढून नेतो. मी म्हटलं, ओढायची नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. मग यशवंतरावांनीच त्याला पैजेचं सांगितलं, आणि दुसरा इलाज नाही हे मलाही कबूल करावं लागलं.

हिराजीने टेम्पोतून जाडजूड निळी दोरी काढली. होडीला तो होरी म्हणत होता आणि गाडीला गारी. "ही होरीची दोरी हाय, ताई. गारीनं तुटनार नाय." बोलता बोलता तो बंपरखालच्या कडीला गाठ मारत होता. अशी गाठ मी पाहिली नव्हती, ओढली की घट्ट आणि बोटाने सारली की सैल. "माझी होरी बावीस वर्सांची हाय. तिचं इंजिन तीनदा बदललं. ही गारी कोनाची?"

"माझी," मी म्हटलं.

"तुमची ना? मंग तुमच्याच गारीवर तुमी पोराशी पैज कशाला लावली?"

उत्तराची वाट न बघता तो दुसरी गाठ मारायला मागे वळला. पण दोन किलोमीटर, बंद इंजिनाच्या गाडीचं स्टिअरिंग धरून, निळ्या दोरीच्या मागे जाताना मी त्याच्यावरच विचार करत होते. मंदारने नवी गाडी घेताना माझ्याशी पैज लावली होती का? यशवंतरावांनी फ्लॅट घेताना कोणासमोर काही सिद्ध करून दाखवलं होतं का? मग मलाच नऊशे किलोमीटर चालवून कोणाला काय दाखवायचं होतं?

गॅरेजवाल्याने परात उतरवली, वेल्डिंग केलं, हाताने कागद कापून नवं पॅकिंग बसवलं, तेल भरलं. तीन तास लागले. तोवर हिराजी थांबला नाही, भरतीच्या आत मोऱ्याला पोचायचं म्हणून गेला. त्याच्या हातात मी बळेबळे एक भोपळा दिला. गाडी सुरू केली, दिवा विझला, आवाज स्वच्छ. पाटा मात्र डिकीतून काढून यशवंतरावांच्या पायाशी ठेवला, म्हणजे वजन पुढे आलं. खोपोलीपासून नेरूळपर्यंत ते पाय पाट्यावर ठेवून बसले होते.

नेरूळ

गेटमधून आत शिरलो तेव्हा उजेड होता. मंदार आणि सायली, म्हणजे आमची सून, पार्किंगमध्येच उभे होते. मंदारच्या हातात तो फॉर्म. मी इंजिन चालूच ठेवलं होतं.

यशवंतराव माझ्या आधी उतरले. पस्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने खोटं बोललेलं मला माहीत नाही. रेशनकार्डावरचं वय चुकलं होतं तेव्हा स्वतः तीन हेलपाटे मारून ते वाढवून घेणारा माणूस. ते मंदारसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं, "एकदाही बंद पडली नाही. लोण्यासारखी आली."

सायलीने टाळ्या वाजवल्या. मंदारने फॉर्मची घडी घातली. तिथेच सगळं संपलं असतं. मला काही बोलायचीही गरज नव्हती, गाडी राहिली होती.

मी काच खाली केली. "खोटं आहे," मी म्हटलं. "खोपोलीत बंद पडली. दोन किलोमीटर दोरीला बांधून आणली. चूक माझी होती, मी नको तेवढा भार घातला. पण पैज मी हरले."

यशवंतराव माझ्याकडे असं बघायला लागले की मला आधी त्यांचीच दया आली. मंदारने घडी पुन्हा उघडली. खिशातून पेन काढलं. रागाने नाही, जरा अवघडूनच. "मग आई... ठरलं होतं ना आपलं."

"ठरलं होतं. सही मी करणार नाही."

"अगं, पण पैज..."

"पैज लावली हीच चूक झाली. फॉर्म तू आणलास तेव्हाच मी नाही म्हणायला पाहिजे होतं. मला तुझी भीती वाटली, म्हणून पैज लावली. गाडी माझी आहे, मंदार. ती चांगली चालते म्हणून माझी नाहीये, आणि बंद पडली म्हणून तुझी होत नाही. मला चालवता येईनासं होईल तेव्हा मी स्वतः किल्ली ठेवीन. ते तू ठरवायचं नाही."

पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत दोन डोकी दिसत होती, ती आत गेली नाहीत. सायलीने मंदारच्या हातातून पेन काढून घेतलं आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. मंदार तसाच उभा होता. मग त्याने हात पुढे केला. मला वाटलं, फॉर्म देतोय. तो किल्ली मागत होता. आमची जागा खांब आणि सेक्रेटरींच्या थोराड गाडीच्या मध्ये आहे, अरुंद आहे, आणि तो आला की गाडी नेहमी तोच लावतो. इतक्या वर्षांची सवय.

"उद्या दहाला पासिंग आहे," मी म्हटलं. "आरटीओवाल्यांनी काही खोट काढली तर दुरुस्त करीन आणि पुन्हा नेईन. आता बाजूला हो, मला लावू दे."

मी रिव्हर्स टाकला. मंदार एक क्षण तिथेच थांबला आणि मग गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला. एक हात वर करून मला बोलावू लागला. ये, ये, ये. थोडं डावीकडे. ये. मी आरशात त्याच्याकडे बघत मागे येत राहिले. मग त्याने दोन्ही हात पुढे धरले आणि म्हणाला, "बस, बस."

अजून अर्धा फूट जागा होती. ती मी घेतली.